निद्रा आणि जागृती : प्रौढ मेंदूतील मूळपेशींविषयी

आर्वी, आष्टी, हिंगणघाट वा समुद्रपूर, वर्धा जिल्ह्याच्या कोणत्याही तालुक्यातून पक्षाघाताने अंग लुळे पडलेला वडीलधारा मनुष्य जेव्हा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणला जातो, तेव्हा त्याचे प्राण वाचल्याची खातरजमा होताच आप्तेष्टांच्या मनात पुष्कळदा असा प्रश्न उभा राहतो, की हाताची जखम भरते, मोडलेले हाड सांधते, केस आणि नखे जन्मभर वाढत राहतात, मग मेंदूचाच नष्ट झालेला भाग पुन्हा का भरून येऊ नये? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राचे जवळजवळ एक शतक गेले आहे, आणि जे उत्तर आज हाती आले आहे ते होकार किंवा नकार अशा एका शब्दात मावण्याजोगे नाही. नव्या चेतापेशी निर्माण करण्याचे सामर्थ्य असलेल्या मूळपेशी प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत असतात. परंतु त्यांतील बहुसंख्य पेशी निद्रिस्त असतात, आणि त्या निद्रिस्त राहाव्यात अशी पक्की तजवीज मेंदूनेच करून ठेवलेली असते. ही तजवीज कोणती, ती का करावी लागली आणि ती सैल केव्हा होते, याचा परामर्श घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्पेनमधील थोर शारीरशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी असा निर्वाळा दिला होता, की प्रौढ मेंदूत पेशी मरू शकतात, नव्या जन्मत नाहीत. आणि मज्जासंस्थेची सूक्ष्म रचना जगाला दाखवणाऱ्या त्या पुरुषाचा अधिकार इतका मोठा होता, की पुढील दोन-तीन पिढ्यांनी तो निर्वाळा सिद्धान्त म्हणूनच स्वीकारला. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नाने सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हाही जगभरच्या पाठ्यपुस्तकांतून हाच सिद्धान्त शिकवला जात होता. वास्तविक त्याच्या चार वर्षे आधी, १९६५ साली, अमेरिकेतील जोसेफ ऑल्टमन आणि त्यांचे सहकारी गोपाळ दास यांनी त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा प्रसिद्ध केला होता. विभाजनासाठी पेशी जेव्हा आपल्या डीएनएची नवी प्रत तयार करते, तेव्हा थायमिडीन नावाचे द्रव्य त्या प्रतीत गुंफले जाते. हे थायमिडीन किरणोत्सर्गी करून उंदरांना टोचले असता स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागात नव्याने जन्मलेल्या पेशी उमटून दिसल्या. परंतु त्या पेशी खरोखर चेतापेशीच आहेत काय, ही शंका पुढे करून विद्वज्जनांनी तो दाखला बाजूला सारला, आणि पुढे मायकेल कॅप्लन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिलेल्या साक्षीचीही फारशी दखल घेतली गेली नाही.

मतपरिवर्तन झाले ते हळूहळू. १९८० नंतरच्या दशकात फर्नांडो नॉटेबोम यांनी कॅनरी पक्ष्याच्या गाण्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागात प्रौढपणीही नव्या चेतापेशी निर्माण होतात हे दाखवले. १९९२ साली ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युअल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून अशा पेशी वेगळ्या काढल्या, ज्या काचेच्या बशीत वाढवल्या असता स्वतःसारख्या पेशीही निर्माण करत आणि चेतापेशींनाही जन्म देत. आणि १९९८ साली पेटर एरिकसन व फ्रेड गेज यांनी मानवी मेंदूविषयी पहिला प्रत्यक्ष पुरावा मांडला. त्या पुराव्यामागे पाच कर्करोगी मनुष्यांचे ऋण आहे. त्यांच्या अर्बुदाची वाढ मोजण्यासाठी त्यांना विभाजनशील पेशींत शिरणारे एक खूणद्रव्य दिले होते, आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा तीच खूण हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींतही आढळली.

या मूळपेशींचे वास्तव्य मेंदूत सर्वत्र नसते. उंदरासारख्या प्राण्यात त्यांची मुख्य ठाणी दोन: एक हिप्पोकॅम्पसमधील दंतुर वळीच्या आतल्या कडेला, आणि दुसरे मेंदूतील द्रवाने भरलेल्या पार्श्व पोकळ्यांच्या भिंतीलगत, जेथून जन्मलेल्या पेशी दूरवर प्रवास करून घ्राणकंदात पोचतात. रूपाने या पेशी मेंदूतील तारकापेशी नावाच्या आधारपेशींशी इतके साम्य दाखवतात, की दीर्घकाळ त्यांची स्वतंत्र ओळखच पटली नव्हती. त्यांपैकी कोणत्याही एका दिवशी विभाजनात गुंतलेल्या पेशी अगदी थोड्या असतात. उरलेल्या आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने, कोणतीही हालचाल न करता तशाच राहतात. या दीर्घ स्तब्धतेला शास्त्रज्ञ सुप्तावस्था म्हणतात.

सुप्तावस्था म्हणजे निष्क्रियता नव्हे, ही गोष्ट या विषयात सर्वांत महत्त्वाची आहे. विदर्भातील जुन्या शेतकरी घरांत पुढील हंगामाची बिजवाई वेगळ्या कणगीत राखून ठेवत, तिला कीड लागू नये म्हणून राख लावत, ती अधूनमधून पाहत, आणि घरात दाण्यांची चणचण असली तरी तिला हात लावत नसत. त्या बियाण्याचे न उगवणे ही जशी एक जाणीवपूर्वक केलेली राखण होती, तशीच मूळपेशींची ही स्वस्थताही क्षणोक्षणी राखली जाते. ती राखण थांबली, तर पेशी जागी होते.

या राखणीचा आरंभ जन्मापूर्वीच होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र संशोधनांतून असे दिसले, की उंदराच्या गर्भात मेंदूची बांधणी ऐन जोरात असताना, म्हणजे गर्भधारणेच्या मध्यावरच, काही पेशी विभाजनाच्या लगबगीतून बाजूला काढल्या जातात, त्यांची गती मंदावली जाते, आणि प्रौढपणी पार्श्व पोकळ्यांच्या भिंतीलगत आढळणाऱ्या मूळपेशी बहुतांशी याच राखून ठेवलेल्या पेशींच्या वंशातील असतात.

त्यानंतर त्यांना सुप्त राखण्याचे काम शेजाऱ्यांकडे येते. आसमंतातील पेशी बीएमपी या कुलातील प्रथिने स्रवतात, आणि मूळपेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकांना ती जाऊन भिडली की विभाजन स्थगित ठेवण्याचा संदेश आत पोचतो. २०१० साली उंदरांवरील प्रयोगांत हा संदेश अडवला असता सुप्त पेशी मोठ्या प्रमाणावर जाग्या झाल्या. दुसरा संदेश नॉच नावाच्या ग्राहकामार्फत येतो, आणि त्यातील योजना विलक्षण आहे. नॉचला चालना देणारे प्रथिन शेजारच्या पेशीच्या अंगावरच असते, त्यामुळे दोन पेशींचा प्रत्यक्ष स्पर्श झाल्याखेरीज तो संदेश पोचत नाही. आणि मूळपेशीपासून नुकत्याच जन्मलेल्या कन्यापेशी याच मार्गाने आपल्या मातृपेशीला सुप्त राहण्यास भाग पाडतात. अपत्ये पुरेशी झाली याची वर्दी अशा रीतीने अपत्यांकडूनच मिळते. तिसरा पहारा चेतापेशींच्या जाळ्याचा आहे. हिप्पोकॅम्पसमधील काही अवरोधक चेतापेशी गाबा हे द्रव्य सोडतात, आणि मूळपेशी त्याच्या प्रभावाखाली असेतो सुप्त राहते, असे २०१२ साली होंगजुन सोंग आणि ग्वो-ली मिंग यांच्या प्रयोगशाळेने दाखवले; म्हणजे मेंदूत त्या वेळी किती आणि कोणते व्यवहार चालू आहेत याची बातमी या पेशींपर्यंत सतत पोचत असते.

बाहेरचे हे हुकूम पेशीच्या आत कसे अंमलात येतात, याचेही चित्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे. एएससीएल-१ नावाचे एक प्रथिन जनुकांना कार्यप्रवृत्त करून पेशीला विभाजनाकडे नेते. ते नसेल तर हिप्पोकॅम्पसमधील मूळपेशी जागी होऊ शकत नाही. सुप्त पेशी या प्रथिनाची संहिता पूर्णपणे बंद करून ठेवत नाही. ते निर्माण होऊ देते आणि साठण्यापूर्वीच मोडून टाकते. जाग्या झालेल्या पेशीतही हेच मोडण्याचे काम चालू करून तिला पुन्हा विश्रांतीकडे वळवता येते, आणि ते काम एचयूडब्ल्यूई-१ नावाचे विकर करते, असे २०१६ साली फ्रान्स्वा गियेमो यांच्या गटाने सिद्ध केले. निर्माण करून लगेच नष्ट करणे हा वरकरणी अपव्यय वाटेल; परंतु वेळ येताच तत्काळ जागे होता यावे यासाठी मोजलेली ती किंमत आहे. सुप्त पेशीचा आहारव्यवहारही वेगळा असतो. ती मुख्यतः मेदाम्लांचे ज्वलन करून आपली गरज भागवते, तर विभाजनास सिद्ध झालेल्या पेशीला नव्या पटलांसाठी मेद निर्माण करावा लागतो. शिवाय सुप्त पेशी आपली निकामी प्रथिने लायसोसोम नावाच्या पिशव्यांत साठवून ठेवते आणि जागे होताना त्यांचा निचरा करते. २०१८ साली स्टॅनफर्डच्या अॅन ब्रुने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की वृद्ध उंदरांच्या सुप्त पेशींत हा निचरा नीट होत नाही आणि त्यामुळे त्यांना जागृती जड जाते.

आता जागृतीकडे वळू; आणि येथे महाराष्ट्रात झालेल्या संशोधनाचा उल्लेख अगत्याने केला पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा अनेक वर्षे भावना, ताण आणि मेंदूची घडण यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास करीत आहे. या कार्यासाठी त्यांना २०१५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. २००२ साली या प्रयोगशाळेने प्रौढ उंदरांच्या मेंदूतील नॉरअॅड्रेनालिन हे संदेशद्रव्य घटवून पाहिले, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधील पूर्वज पेशींचे, म्हणजे मूळपेशी आणि त्यांची विभाजनशील संतती यांचे, विभाजन घटले. मात्र आधीच जन्मलेल्या पेशींच्या जगण्यावर वा परिपक्व होण्यावर त्याचा परिणाम झाला नाही. याचा अर्थ असा, की हे द्रव्य नेमके पहिल्या दारावर, विभाजनाच्या पायरीवर काम करते. पुढे २०१० साली ऑस्ट्रेलियातील धनिषा झवेरी व पेरी बार्टलेट यांच्यासह केलेल्या संशोधनात असे निष्पन्न झाले, की नॉरअॅड्रेनालिन काही सुप्त पूर्वज पेशींना थेट जागृत करते आणि त्यासाठी बीटा-३ या जातीचा ग्राहक वापरते. सावधपणा, उत्कंठा, नवलाईची जाणीव या अवस्थांत मेंदूत स्रवणारे द्रव्य नव्या पेशींच्या जन्माशीही निगडित असावे, ही गोष्ट खोल विचार करण्यासारखी आहे. याच प्रयोगशाळेने २००५ साली दाखवले, की कंठस्थ ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले तर प्रौढ उंदरांत नव्या पेशींचे टिकणे आणि परिपक्व होणे या दोन्हींवर आघात होतो. विषादावरील अनेक औषधांचा गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि नव्या चेतापेशीला परिपक्व होण्यासही आठवडेच लागतात. उंदरांत ही औषधे पेशींचा जन्म वाढवतात हेही दिसले आहे. तथापि औषधाचा गुण केवळ त्यामुळेच येतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि ही मर्यादा सांगितल्याशिवाय पहिली गोष्ट सांगू नये.

शरीराच्या इतर व्यवहारांचाही या पेशींवर प्रभाव पडतो. १९९९ साली हेन्रिएट व्हान प्राग, गेर्ड केम्परमान आणि फ्रेड गेज यांनी पिंजऱ्यात धावण्याचे चाक ठेवले, तेव्हा स्वेच्छेने धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची संख्या वाढली. याउलट दीर्घकाळचा ताण आणि त्याने वाढणारी संप्रेरके ती घटवतात. फळमाशीच्या अळीत तर आहाराचा संबंध सरळ दिसतो. अंड्यातून बाहेर आल्यावर तिच्या मेंदूतील मूळपेशी सुप्तच असतात. अन्नातील अमिनो आम्ले तिच्या मेदपिंडापर्यंत पोचली की तो मेंदूकडे संदेश धाडतो, मेंदूतील आधारपेशी इन्सुलिनसारखे द्रव्य स्रवतात, आणि मगच त्या पेशी जाग्या होतात. पोषणाची शाश्वती मिळाल्याखेरीज नवनिर्मितीचा खर्च करायचा नाही, हा नियम एवढ्याशा जीवातही पाळला जातो.

मग या पेशी सरसकट जाग्या का करू नयेत? निसर्गाने इतका बंदोबस्त कशासाठी ठेवला? याचे उत्तर प्रयोगांनीच दिले आहे. फॉक्सओ-३ हे सुप्ती राखणारे प्रथिन ज्या उंदरांत जन्मतःच नसते, त्यांच्या मूळपेशी प्रारंभी अधिक विभाजन पावतात, परंतु प्रौढपणी त्यांचा साठा खालावलेला असतो. २०१८ साली सेबास्टियन येसबर्गर यांच्या गटाने जिवंत उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील एकेका पेशीचा दोन महिन्यांपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा त्यांनी खूण केलेल्या पेशी एकदा जाग्या झाल्या, की थोड्या दिवसांत अनेक विभाजने करून नव्या चेतापेशी देत आणि त्या ओघात बहुतेकदा स्वतः संपून जात. मेंदूत वारंवार तीव्र झटके निर्माण केले असता तर मूळपेशी चेतापेशी न देता विकृत तारकापेशींत रूपांतरित होतात, असेही उंदरांत आढळले. शिवाय जी पेशी वारंवार विभाजन पावते तिच्या डीएनएत चुकांचा संचय होण्याचा धोका वाढतो. ग्लायोब्लास्टोमा या दुर्धर अर्बुदाचे काही रुग्ण असे आहेत, की ज्यांच्या अर्बुदातील मूळ उत्परिवर्तने पार्श्व पोकळीलगतच्या, एरवी निरोगी दिसणाऱ्या ऊतीतही सापडली. जागृतीला किंमत आहे, आणि ती साठ्यातून वजा होते.

वार्धक्यात या व्यवस्थेचे दुसरे टोक दिसते. उंदराचे वय वाढते तशी मूळपेशींची संख्या घटते, आणि ज्या उरतात त्या अधिकाधिक गाढ सुप्तीत जातात. जणू शिल्लक थोडी उरली म्हणून खर्चावरचे निर्बंध वाढवले जातात. यात रक्ताचाही वाटा आहे. २०११ साली तरुण आणि वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण एकत्र जोडले असता तरुण उंदरांतील नव्या पेशींची निर्मिती मंदावली. २०२४ साली ब्रुने यांच्याच प्रयोगशाळेने असे दाखवले, की वृद्ध मूळपेशी तरुण पेशींपेक्षा अधिक ग्लुकोज आत ओढतात आणि ग्लुकोज आत आणणाऱ्या ग्लुट-४ या प्रथिनाचे जनुक निकामी केले असता त्यांची जागृत होण्याची शक्ती सुधारते. हा शोध उत्साहवर्धक आहे. पण तो उंदरांतील आहे, हे क्षणभरही विसरता कामा नये.

कारण मनुष्याविषयीचा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. २०१३ साली योनास फ्रिसेन यांच्या गटाने, अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा आधार घेऊन मानवी चेतापेशींचे वय काढले आणि प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी भरती होतात असा अंदाज मांडला. २०१८ साली मात्र आर्तुरो आल्व्हारेस-बुइया यांच्या गटाला प्रौढ मानवी हिप्पोकॅम्पसमध्ये कोवळ्या चेतापेशी जवळजवळ आढळल्याच नाहीत, आणि त्याच वर्षी माउरा बोल्द्रिनी यांच्या गटाने त्या उतारवयापर्यंत आढळतात असे जाहीर केले. २०२५ साली फ्रिसेन यांच्या गटाने एकेका पेशीकेंद्रकातील जनुकीय संदेश तपासून प्रौढ मनुष्यातही विभाजनशील पूर्वज पेशी ओळखल्या, परंतु त्यांचे प्रमाण माणसागणिक फार भिन्न होते. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत; त्या मानाने ७०० ही संख्या नगण्य वाटेल, पण स्मृतीच्या सूक्ष्म भेदांसाठी थोड्या नव्या पेशींचेही मोल मोठे असू शकते.

आता आरंभी उल्लेखलेल्या रुग्णाच्या आप्तांना काय सांगावे? पक्षाघातानंतर पोकळीलगतच्या मूळपेशी जाग्या होतात आणि त्यांची संतती जखमेकडे सरकते, हे उंदरांत दिसले आहे. परंतु २००२ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात त्या नव्या पेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक मरून गेल्या आणि नष्ट झालेल्या चेतापेशींपैकी अवघ्या ०.२ टक्के भरून निघाल्या. रुग्णाला येणारी सुधारणा मुख्यतः उरलेल्या पेशींनी नव्या जोडण्या केल्याने येते, आणि त्यासाठी नियमित व्यायामोपचार, वाचोपचार आणि घरच्यांची चिकाटी हीच आजची खरी साधने आहेत. मूळपेशींचे इंजेक्शन देऊन मेंदू पूर्ववत करून देतो असे सांगणाऱ्यांच्या नादी लागून शेत गहाण टाकू नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार रक्तविकारांसाठीचे रक्तजनक मूळपेशींचे प्रत्यारोपण वगळता इतर सर्व प्रयोग मान्यताप्राप्त चिकित्सा-चाचणीतच व्हावयाचे आहेत.

निरोगी माणसाला करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. २०११ साली अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या अभ्यासात, वर्षभर आठवड्यातून तीनदा चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले. ही वाढ नव्या पेशींची आहे असे त्यातून सिद्ध होत नाही, पण स्मृतीच्या अवयवाला चालणे मानवते एवढे निश्चित होते. सेवाग्रामच्या आश्रमात सकाळ-संध्याकाळचे चालणे हा नित्यक्रमच होता, आणि त्याला पैसा लागत नाही. विषाद, दीर्घ ताण, कंठस्थ ग्रंथीची न्यूनता यांना वयाचा भाग समजून अंगावर काढू नये. त्यांवर उपचार आहेत.

मेंदूतील पेशींना जागे कसे करावे, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी प्रथम विचारला. आज ते त्यापुढे जाऊन विचारत आहेत, की किती पेशी, केव्हा, आणि साठा न गमावता कशा जाग्या कराव्यात. उपचाराची वाट या दुसऱ्या प्रश्नातूनच जाणार आहे. ती लांब आहे, पण तिच्यावरील प्रत्येक टप्पा सुप्तावस्थेचे नियम नीट समजून घेतल्यानेच ओलांडला गेला आहे. म्हणून ज्याला मेंदूच्या जागृतीविषयी आस्था आहे, त्याने त्याच्या निद्रेचा आदर करण्यास शिकले पाहिजे.